मन दुसरीकडे वळवायचं, पण कशात आणि किती वेळ

‘नको ना एवढा विचार करूस’ हे वाक्य मी अतिदक्षता विभागाच्या दारात रोज ऐकते. सांगणारा मनापासून सांगत असतो, ऐकणारा मान हलवतो आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा त्याच विचाराला लागतो. मी नर्स आहे. माझं निम्मं काम आत, पेशंटच्या उशाशी, आणि उरलेलं बाहेर, वाट बघत बसलेल्या माणसांशी. ताण आला की माणसं आपलं मन कुठे कुठे नेऊन ठेवतात, ते या दाराशी उभं राहून फार जवळून दिसतं. कुणी विणत बसतं. कुणी फोनमध्ये डोकं घालतं. कुणी तासातासाने बाहेर जाऊन सिगारेट ओढून येतं. कुणी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हकिगत पहिल्यापासून सांगतं.

यातलं चांगलं काय, वाईट काय? लोकांना सरळ यादी हवी असते. वाचन चांगलं, मोबाइल वाईट. फिरणं चांगलं, मालिका बघणं वाईट. अशी यादी मला पटत नाही. तीच मालिका एकीला कठीण रात्र काढून देते आणि दुसरीला महिनाभर डॉक्टरांसमोर जाऊच देत नाही. माझं लक्ष दुसरीकडेच असतं. हा माणूस ठरल्या वेळी आपल्या प्रश्नाकडे परत येतो का, आणि येताना थोडं बळ घेऊन येतो का? पुढचं सगळं या दोन गोष्टी धरूनच सांगतेय.

आधी एक प्रश्न

मन कशातही घालण्याआधी स्वतःला विचारा: या घडीला या बाबतीत माझ्या हातात काही आहे का?

शस्त्रक्रिया सुरू आहे, दार बंद आहे, तीन तास लागतील असं सांगितलंय. त्या तीन तासांत तुम्ही कितीही विचार केलात तरी आतल्या एकाही टाक्यात फरक पडणार नाही. परीक्षा देऊन झालीय, निकाल यायचाय. तपासणीला नमुना दिलाय, रिपोर्ट उद्या आहे. अशा वेळी मन खुशाल दुसरीकडे न्या. यात पळपुटेपणा कसला?

आता दुसऱ्या गोष्टी बघा. मानेला गाठ लागतेय, पण दाखवलेली नाही. कर्जाचा हप्ता चुकलाय, बँकेचा फोन उचललेला नाही. नोकरी सोडायची की नाही ते ठरवायचंय. इथे हातात काहीतरी आहे. इथे अर्धा तास मन रमवलं तर चालेल, एक रात्रही चालेल. महिना गेला तर मात्र ती चालढकल आहे, मग तुम्ही तो महिना कितीही सुंदर पुस्तकं वाचण्यात घालवलेला असो.

रिचर्ड लाझरस आणि सुझन फोकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याच्या दोन तऱ्हा मांडल्या: एक, प्रश्नालाच हात घालणं, दोन, त्या प्रश्नामुळे आत जे उसळलंय ते सांभाळणं. जिथे परिस्थिती बदलता येते तिथे पहिली तऱ्हा जास्त उपयोगी, जिथे येत नाही तिथे दुसरी. पुढच्याच वर्षी सल्स आणि फ्लेचर यांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. त्यांना दिसलं ते असं की प्रश्नाकडून लक्ष काढून घेणं थोड्या काळासाठी फायद्याचं ठरतं, पण काळ लांबला की प्रश्नाकडे लक्ष देणाऱ्यांचं जास्त बरं चालतं. आमच्या बाहेरच्या खुर्च्यांवर मी नेमकं हेच बघते. पहिल्या रात्री जो माणूस शांतपणे कोडी सोडवत बसला, तो ठीक असतो. दहाव्या दिवशीही राउंडच्या वेळी नेमका कुठेतरी निघून जाणारा माणूस ठीक नसतो.

अडचण अशी की बहुतेक ताण भेसळीचे असतात. थोडं हातात, बरंचसं नाही. अशा वेळी मी नातेवाइकांना एक कोरा कागद देते आणि मधोमध उभी घडी घालायला सांगते. डाव्या बाजूला जे करता येईल ते, तेही वेळेसकट: राउंडनंतर डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न, विम्याचा फॉर्म, आज रात्री कोण थांबणार, मुलांना शाळेतून कोण आणणार. उजव्या बाजूला जे आपल्या हातात नाही ते: ताप उतरेल का, शुद्ध कधी येईल, आधी आणलं असतं तर. डावी बाजू करायची. उजवीसाठी मन वळवायचं. बहुतेकांची उजवी बाजू आधी भरते आणि डावी अर्धवट राहते. मग मीच विचारते, ‘रात्री कोण थांबणार?’ आणि पेन पुन्हा चालायला लागतं.

हसू आलं म्हणून अपराधी वाटणारे

एक जात अशीही आहे, जी मन अजिबात वळवूच देत नाही. आत आई आहे आणि मी मासिक वाचतेय, हे त्यांना पाप वाटतं. कुणी विनोद केला आणि हसू आलं की लगेच चेहरा आवरतात. सतत काळजी करणं म्हणजे जबाबदारी पार पाडणं, असा त्यांचा हिशेब असतो. मला या माणसांची जास्त काळजी वाटते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत ती इतकी दमतात, की खरा निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा त्यांना साधं वाक्य समजत नाही.

सुझन नोलन-होक्सेमा या संशोधिकेने स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची माहिती गोळा केली होती. त्यानंतर चौदा दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ ला, तिथे लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. तिने त्याच मुलांना भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी गाठलं. उदास वाटलं की तेच तेच मनात घोळवत बसण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, ती मुलं भूकंपानंतर जास्त खचलेली निघाली. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपल्याकडे म्हणतातच. तेव्हा खुर्चीवर बसून तासभर पत्ते खेळलात तर आतल्या माणसाचं काही कमी होत नाही. उलट संध्याकाळी सहीसाठी बोलावलं की तुम्ही कागद नीट वाचाल.

‘नाही’ म्हटलं तर मन ऐकत नाही

आता प्रत्यक्ष करायचं कसं. पहिली गोष्ट, विचार दाबायला जाऊ नका. डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. गंमत पुढे आहे. नंतर जेव्हा ‘आता अस्वलाचा विचार करा’ असं सांगितलं, तेव्हा आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या डोक्यात ते अस्वल, सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षा जास्त वेळा आलं.

या प्रयोगाचा दुसरा भाग लोक सांगत नाहीत, आणि आपल्या कामाचा तोच आहे. काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की अस्वल आठवलंच तर त्याऐवजी एका लाल फोक्सवॅगन गाडीचा विचार करा. त्यांच्यात ती नंतरची उसळी कमी झाली. म्हणजे मनाला नुसतं ‘तिकडे जाऊ नको’ म्हणून भागत नाही, ‘इकडे ये’ म्हणावं लागतं. आणि ‘इकडे’ म्हणजे एकच, आधी ठरलेली जागा. दहा गोष्टींवरून मन भिरभिरवलं तर त्या प्रत्येक गोष्टीला मूळ विचाराचा वास लागतो.

म्हणून ही जागा शांत असताना ठरवून ठेवा. ताण चढलेला असताना ‘आता काय बरं करावं’ हे सुचत नाही. हात आपसूक फोनकडे जातो. माझ्या लॉकरमध्ये लोकरीचा गुंडा आणि क्रोशाची सुई आहे. चौकोन विणायचा, उसवायचा, पुन्हा विणायचा. त्याचं काही होणार नाही, हे मला आवडतं. तुमचं वेगळं असेल: एखाद्या भाषेची लिपी गिरवणं, रुबिक क्यूब, सायकल पुसून तेल घालणं. फक्त तीन अटी: दोन मिनिटांत सुरू करता यावं, थोडंसं अवघड असावं आणि बिघडलं तरी नुकसान होऊ नये.

चित्र छळतंय की शब्द?

हे मात्र सावकाश बघण्यासारखं आहे. ताणात माणसाला दोन प्रकारे त्रास होतो. कुणी म्हणतं, ‘ते डोळ्यांसमोरून जातच नाही’. अपघात, रक्त, नळ्या लावलेला चेहरा. दुसरं कुणी म्हणतं, ‘डोक्यात बोलणं थांबतच नाही’. असं झालं तर, मी असं म्हणायला हवं होतं, आता पैसे कुठून आणू.

डोळ्यांसमोरच्या चित्रांबद्दल एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग केला. लोकांना अपघात-जखमांची भयंकर दृश्यं असलेली फिल्म दाखवली. अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं, वरून पडणारे ठोकळे फिरवून बसवायचा तो जुना गेम. पुढच्या आठवडाभरात त्यांच्या डोळ्यांसमोर ती दृश्यं कमी वेळा आली. २०१० मध्ये त्यांनी काहींना टेट्रिस आणि दुसऱ्या काहींना सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा देऊन पाहिली. प्रश्नमंजूषेने उपयोग तर झाला नाहीच, उलट दृश्यं जास्त वेळा आली. दोन्ही म्हटलं तर करमणूकच, पण ठोकळे बसवायला मनातली जी जागा लागते तीच चित्रांनाही लागते, असा या संशोधकांचा तर्क आहे. पुढे अपघात होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या लोकांवरही हा प्रयोग झाला. तिथे आधी अपघाताची दृश्यं थोडक्यात मनात आणायला सांगत आणि मग गेम खेळायला देत. तिथेही पहिल्या आठवड्यात त्या नकोशा आठवणी कमी आल्या.

यावरून मी माझ्यापुरता एक आडाखा बांधलाय. चित्र छळत असेल तर डोळे आणि हात दोन्ही गुंतवणारं काम द्यावं: जिगसॉ, कागदाच्या घड्या, विणकाम, ठोकळ्यांचा गेम. बोलणं थांबत नसेल तर शब्दांना शब्दांनीच अडवावं. शब्दकोडं, मोठ्याने वाचन, पाठ केलेली कविता म्हणणं, नाहीतर शंभरातून सात-सात वजा करत खाली येणं. एक ते शंभर मोजायला सांगून काही होत नाही. ते तोंड करतं आणि मन मोकळंच राहतं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी म्हणताना मात्र अडखळायला होतं. ते अडखळणंच हवंय.

सुईच्या वेळी मुलं काय शिकवतात

मुलांच्या वॉर्डात असताना मी याचा सगळ्यात जास्त सराव केला. मुलाच्या हातात सलाईनची सुई लावायची असते. पालक बहुतेक वेळा दोन गोष्टी करतात. एकतर ‘काही दुखणार नाही’ असं खोटं सांगतात, नाहीतर ‘बघू नको, बघू नको’ म्हणत त्याला नेमकं काय बघायचं नाही ते दाखवून देतात. पहिल्या वेळी खोटं खपतं. दुसऱ्या वेळी मूल दारातूनच ओरडतं.

मी आधी खरं सांगते: ‘टोचेल. मुंगी चावल्यासारखं. मग संपलं.’ मग त्याला काम देते. साबणाचे फुगे असतील तर उत्तमच. नसतील तर माझ्या तळहातावर कापसाचा बोळा ठेवते आणि म्हणते, एका फुंकरीत तो पलीकडे पडला पाहिजे. मूल गाल फुगवतं, माझं लक्ष त्याच्या ओठांकडे, सहकाऱ्याचं शिरेकडे. फुंकर सुटते आणि सुई आत जाते. कधी मूल रडतंही, पण हात झटकत नाही. झाल्यावर त्याला सांगते, ‘टोचलं ना? आणि तू हात हलवला नाहीस.’ ते वाक्य मी गाळत नाही, कारण पुढच्या वेळी त्याला त्याचाच उपयोग होणार असतो.

मोठ्यांसाठी यात तिन्ही गोष्टी आहेत. आधी खरं काय ते मान्य करायचं, मग मनाला सोपं-अवघडच्या मधलं काम द्यायचं, आणि शेवटी परत येऊन ‘झालं, निभावलं’ याची नोंद घ्यायची. वेदनेला जाणवायलाही लक्ष लागतं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हंटर हॉफमन यांनी याच आधारावर भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नो-वर्ल्ड’ नावाचं आभासी जग बनवलं. जखमेची मलमपट्टी चालू असताना रुग्ण त्या बर्फाच्या दरीत बर्फाचे गोळे फेकत राहतो. रुग्णांनी वेदना कमी झाल्याचं सांगितलंच. निरोगी लोकांना उष्णतेचा चटका देऊन मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा वेदनेशी संबंधित हालचालही कमी दिसली. आणि जखम? ती त्याच वेळी स्वच्छ होत होती. मन दुसरीकडे असताना जरुरीचं काम होऊन जातंय, यापेक्षा चांगला वापर मला माहीत नाही.

शेवट नसलेल्या गोष्टींपासून जपा

शब्दकोडं संपतं, पुस्तकाचं प्रकरण संपतं, चालायला गेलात तर घर येतं. फोनवरची सरकती भिंत संपत नाही, कारण ती संपू नये अशीच बांधलेली असते. पान न उलटता खाली खाली सरकत राहण्याची ही रचना २००६ मध्ये करणाऱ्या एझा रास्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केलाय. त्यात मधूनच एखादी खरंच मजेची गोष्ट हाती लागते, पण कधी लागेल ते सांगता येत नाही. अशा बेभरवशाच्या बक्षिसाची ओढ सर्वांत चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांपासून माहीत आहे. फोन वापरूच नका असं मी म्हणत नाही. ज्याला शेवट आहे असं त्यातलं निवडा: एक भाग, एक डाव, एका मित्राला एक फोन. आणि गजर लावाल तो फोनवर नको. फोनवरचा गजर बंद करायला बोट जिथे जातं तिथेच पुढचा व्हिडिओ असतो.

सगळ्यात फसवी करमणूक म्हणजे रोगाचं नाव टाकून शोधत बसणं. माणसाला वाटतं आपण माहिती काढतोय. पहाटे तीन वाजता बाहेर बसलेला मुलगा मला स्क्रीन दाखवतो, ‘सिस्टर, इथे असं लिहिलंय.’ त्याने मन वळवलेलंही नाही आणि प्रश्नाला हातही घातलेला नाही, नुसती रात्र घालवलीय. मी त्याला सांगते, तिथलं एकच वाक्य कागदावर उतरव, सकाळी डॉक्टरांना विचार, आणि आता स्क्रीन बंद.

जाताना खूण ठेवून जा

पाळी संपते तेव्हा आमचं काम संपलेलं नसतं. पेशंट तिथेच असतो, ताप तसाच असतो. तरी मी घरी जाऊन झोपू शकते, कारण हँडओव्हर दिलेला असतो: काय झालं, काय राहिलं, पुढचा डोस किती वाजता. स्वतःच्या ताणातून थोडा वेळ बाहेर पडायचं असेल तर असाच हँडओव्हर स्वतःला द्या. उठण्यापूर्वी एक ओळ लिहायची: ‘उद्या अकरा वाजता बँकेत फोन, कर्जाचा नंबर निळ्या फाइलमध्ये.’ मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं, की अर्धवट कामं डोक्यात घुसत राहतात, पण ती कधी, कुठे, कशी करणार याचा नेमका बेत केला की काम पूर्ण न होताही ती घुसखोरी थांबते. ‘बघू उद्या’ हा बेत नव्हे.

ज्यांच्या काळजीला बेतच करता येत नाही, त्यांच्यासाठी थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेली युक्ती: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. इतर वेळी काळजी आली तर तिला ‘साडेपाचला ये’ म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. झोपायच्या खोलीत नको आणि झोपेच्या तोंडावरही नको. ऐकायला पोरकट वाटतं. पण साडेपाच वाजता बसलं की निम्म्या काळज्या आलेल्याच नसतात, हे मी खुर्च्यांवरच्या लोकांकडूनही ऐकलंय.

परत आल्यावर नुसतं बसवत नसेल तर लिहा. जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना आणखी वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. पहिल्या दिवशी जड वाटलं म्हणून वही बंद करू नका. मात्र घटना ताजी असेल आणि लिहिताना हात कापत असतील तर आत्ता नको. काही दिवस जाऊ द्या.

लाट उंच असते तेव्हा

रागाने किंवा भीतीने अंग थरथरत असेल तेव्हा स्वतःची समजूत घालायला जाऊ नका. त्या वेळी ‘दुसऱ्या बाजूने विचार कर’ हे कुणालाच जमत नाही. आधी लाट उतरवायची. गार पाण्याने चेहरा धुणं, जिना जोरात चढून उतरणं, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ घेणं. चेहऱ्यावर गार पाणी आणि थोडा वेळ श्वास रोखणं याने हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणूनच हृदयाचा आजार असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. लाट उतरली की मात्र विचार करायला बसायचं. इथेच लोक चुकतात. उतरल्यावर बरं वाटतं, म्हणून विषयच सोडून देतात. मग तीच गोष्ट पुन्हा समोर आली की पहिल्याच जोराने आदळते, कारण मधल्या काळात तिच्याशी काही बोलणंच झालेलं नसतं.

शहाण्यासारख्या दिसणाऱ्या पळवाटा

दारू, जुगार, मनानेच घेतलेल्या झोपेच्या गोळ्या यांबद्दल फार लिहीत नाही. त्या पळवाटा आहेत हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. दारूबद्दल एवढंच: तिने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटक होते, आणि सकाळी तोच ताण कमी झोपेच्या डोक्याने उचलावा लागतो.

मला भीती वाटते ती ज्यांना शाबासकी मिळते त्यांची. आमच्यातलीच एक सहकारी, घरात मोठं भांडण चालू असताना, ज्याची त्याची नाईट अंगावर घ्यायची. सगळे म्हणायचे, किती कष्टाळू. तिला घरी जायचं नव्हतं, हे कळायला आम्हाला वेळ लागला. कुणी कपाटं आवरत सुटतं. कुणी दुसऱ्यांची भांडणं मिटवत फिरतं. कुणी रोज मैलोन्मैल पळतं, गुडघा दुखत असूनही. कामात, व्यायामात, मदतीत वाईट काही नाही, आणि म्हणूनच बाहेरून कुणी टोकत नाही. ओळखावं लागतं ते स्वतःलाच.

ओळखायचं असं. ही गोष्ट एक दिवस करता आली नाही तर नुसतं चुकल्यासारखं वाटतं, की जीव घाबरतो? पूर्वी जेवढ्याने भागायचं तेवढ्याने भागतं का, की वाढवावं लागतंय? कुणी विचारलं तर किती वेळ केलं ते खरं सांगता का? आणि ज्या प्रश्नापासून उठून गेलात तो मधल्या काळात तेवढाच राहिलाय, की त्याला व्याज चढलंय? शेवटचं उत्तर ‘चढलंय’ असेल तर बाकीची विचारायची गरज नाही.

हे जडतं कसं तेही समजून घ्या. भीतीच्या गोष्टीपासून दूर गेलं की त्या क्षणी हायसं वाटतं. ते हायसं वाटणं हेच बक्षीस, आणि बक्षीस मिळालं की मन तीच गोष्ट पुन्हा करतं. प्रत्येक वेळी दूर गेल्याने ती भीती खरी होती की नव्हती हे तपासायची संधीही जाते. म्हणून सोडवायचं तर एकदम सगळं टाकून देऊ नका. त्या विरंगुळ्याच्या आधी पाच मिनिटं टाळलेल्या कामाला द्या, फक्त पाकीट उघडा, फक्त नंबर शोधून ठेवा. मग खुशाल जा. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं. त्या सहकारीने शेवटी नाईट सोडल्या नाहीत, पण घरी एक बोलणं केल्याशिवाय जादा पाळी घ्यायची नाही असं ठरवलं.

जिथे मन वळवूच नये

छातीत दाब, अचानक धाप, चेहरा वाकडा होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं: हे ‘टेन्शनचं असेल’ म्हणून गाण्यांत विसरायचं नाही, त्याच मिनिटाला रुग्णालय गाठायचं. तुमच्यासमोर कुणी रडत काही सांगत असेल तर त्याचं मन वळवायला जाऊ नका. त्याला बोलायचंय आणि तुम्हाला ऐकवत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. आणि जगणं नको असे विचार येत असतील तर मन रमवून तो एक तास काढा, जरूर काढा. पण त्याच तासात कुणाला तरी शेजारी बोलवा आणि त्यांना तेच शब्द सांगा. एकट्याने मन रमवत बसण्याची ती वेळ नव्हे.

दोन आठवडे उलटले, तरी झोप, भूक किंवा काम जागेवर येत नसेल, किंवा पूर्वी जिथे मन रमायचं तिथे आता रमतच नसेल, तर डॉक्टरांकडे जा. गेल्यावर ‘जरा टेन्शन आहे’ एवढंच सांगून परत येऊ नका. किती वाजता झोप मोडते, दिवसातला किती वेळ कशात घालवता, त्यातलं काय थांबवायचा प्रयत्न केला आणि थांबलं नाही, किती पिता, कुठल्या गोळ्या घेता, हे घरीच कागदावर लिहून न्या आणि तो कागद त्यांच्या हातात द्या.